उरलेली दहा

सेलूच्या मैदानावर मुंजा सर
फक्कीची रेघ उजव्या हातानंच ओढतात.
डावा खांद्याच्या वर जात नाही.

पुण्यात निखळला तो, पलटणीच्या सामन्यात.
सत्तर मिनिटं झाली होती.
उरलेली दहा
ते अजून खेळतायत.

पहिल्या दिवशी आम्ही खिदळलो,
"सर, चेंडू काहून असा? पपईवानी?"
म्हणाले, कुठं उडंल ते त्यालाच ठाऊक नसतं,
आपण तयार राहायचं.

मग महिनाभर नुसतं पडायला शिकवलं,
नांगरलेल्या काळ्या रानात,
हनुवटी छातीला, जीभ दातांआड.
धडक दिवाळीनंतर.

"पळायचं पुढं, द्यायचा मागं.
मपला-तुपला नसतोय चेंडू,
मागून येणारीचा असतोय."

परवा जालन्याकडून हरलो,
पाच विरुद्ध एकेचाळीस.
ते पाच नुसरतचे.
तिघींना अंगावर घेऊन ती रेघेपल्याड पडली,
हनुवटी छातीला,
चेंडू पोटाखाली, मातीला टेकलेला.

सरांनी दोन्ही हात वर केले.
डावासुद्धा.

शिट्टी झाली, जालन्याच्या पोरी बसमध्ये बसल्या,
तरी तो खाली येईना.
शेवटी आम्हीच धरून
हळूहळू उतरवला.