कडेवरचं नाव

लीथच्या चर्चमागच्या हॉलात, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी,
आम्ही डोळ्याला भिंग लावून बसतो
सोनारासारखे. सोनं मात्र कुणालाच नको असतं.
लढाईतली पदकं मधल्या टेबलांवर, तिथे झुंबड.
आमचं टेबल खिडकीपाशी, वाऱ्याच्या तोंडी:
पोस्टमन, दीपगृहाचे राखणदार, तुरुंगाचे शिपाई.
पंचवीस वर्षं वेळेवर येणं,
एवढाच यांचा पराक्रम.

चांदीचा गोल तुकडा. एका बाजूला राजा,
दुसऱ्या बाजूला काम संपवून टेकलेला माणूस,
अंगावर चिंधी नाही.
"जन्मभर राबवलं," ऊना म्हणायची,
"आणि जाताना सदराही काढून घेतला."
नाव कोरलेलं असतं कडेवर.
त्या कडेसाठी मी हिंडतो.

मॅग्नस इझबिस्टर, दीपगृह खातं:
याच्या फितीला अजून रॉकेलचा वास येतो
(किंवा मला येतो).
इझबेल गेडिस, तारायंत्र, विक:
डबीतला कागदसुद्धा उलगडलेला नाही.
बायकांची पदकं विरळाच.
लग्न ठरलं की नोकरी सुटायची,
पंचवीस भरणार कुणाची?

मार्चमध्ये गिलख्रिस्टने एक पुढे सरकवलं.
फितीला बायकांच्या पदकाची गाठ.
कड कोरी.
"नाव घासलंय. चांदीच्या भावात ने."

मी एकोणतीस वर्षं बेपत्ता पत्रांच्या खात्यात होतो.
'मेरीमावशी, निळं दार, ग्लासगो'
असली पत्रंसुद्धा पोचवली आहेत.
नाव नाही म्हटलं की
माझ्या बोटांना अजून खाज सुटते.

रात्री दिव्याखाली धरलं.
चोर घाईत असतो. त्याची कानस कशीही फिरते.
इथे रेघा आखूड, एकाच दिशेच्या, शिस्तीच्या,
टपाल लावणाऱ्या हाताच्या.
एके ठिकाणी अर्धं वर्तुळ उरलंय:
सी असेल, जी असेल, नाहीतर ओ.

ग्रंथालयात सरकारी याद्या काढल्या.
अकरा बायका. मग सहा. मग तीन.
तिसरीच्या गावाला बस जाते,
तिची भाची अजून तिथेच असते म्हणतात.

बसच्या थांब्यावर जाऊन परत आलो.
आमच्या खात्यात एक रिवाज होता, कुठे लिहिलेला नाही:
पाठवणाऱ्यानेच पत्ता खोडला असेल
तर ते पाकीट उघडायचं नाही.
आम्ही ते किती पाळलं, विचारू नका.

आता ते खालच्या खणात आहे,
चिठ्ठीवर काही नाही.
तीन नावांचा कागद कोटाच्या आतल्या खिशात,
घड्यांवर विरत चाललाय.
काल गिलख्रिस्टने विचारलं, "लागला का पत्ता?"
मी भिंग पुसत राहिलो. म्हटलं,
"अपुरा."