गळलेला ठोका

महूच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात
सुपारी येते ट्रकमधून, उतरायला कांकू करत.
वय सतरा. पांढरी, गुडघ्यांवर पिवळट.
इंदूरच्या निम्म्या जावयांना हिनं पाठीवर घेतलंय
असं गेंदालाल सांगतो,
आणि त्यातले निम्मे पोहे-जिलबीवर पोसलेले;
मग पाठ काय करणार, डॉक्टरसाहेब?

मी डॉक्टरसाहेब नाही अजून. प्रबंध लिहायचाय:
चुंबकीय उत्तेजन, आणि त्याचा घोड्याच्या हृदयावर होणारा परिणाम.
आईनं विचारलं, म्हणजे दिवसभर करतेस काय गं?
म्हटलं, घोडीच्या पाठीवर एक भलंमोठं कडं धरते
आणि वीस मिनिटं गप्प उभी राहते.
हे तुला घरी कधी जमलं नाही, म्हणाली.

खांद्यामागे, छातीखाली केस भादरले,
जेली लावली, चिमटे लावले. कागद सरकू लागला.
छत्तीस. छान.
मग कड्यात वीज सोडली:
टक. टक. टक. टक.
आणि कागदावर नुसतं गवत उगवलं.

चुंबक चालू असेतो हृदय दिसत नाही,
हे मुळ्ये मॅडमनी आधीच बजावलं होतं.
आधीचं दिसतं, नंतरचं दिसतं,
मधलं ज्याचं त्याला ठाऊक.

नंतरचं: अठ्ठावन्न.
मी खूश. परिणाम मिळाला!
गेंदालाल मात्र तिच्या खुरांकडे बघत होता.
पुढचा डावा, पुढचा उजवा,
कडं थांबलं तरी जागच्या जागी
सुपारी नाचत होती.
“हिला वाटलं, बारात लागली.”

दुसऱ्या दिवशी कडं ठेवलं, पण बंद.
टकटक मोबाइलवर वाजवली.
एकसष्ट.

तिसऱ्या दिवशी दोन्ही कानांत कापूस,
त्यावर गेंदालालच्या जुन्या लाल फेट्याची पट्टी,
कडं चालू.
वीस मिनिटं गवत.
मग गवत बसलं. चौतीस.
ठोका, ठोका, ठोका, आणि
                    कोरी जागा.

माझ्या पोटात गोळा.
मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.
अगं, घोडा निवांत असला की गाळतो एखादा.
नीट बघ, वरच्या कप्प्यानं हाक दिलीय,
खालच्यानं ओ दिली नाही, इतकंच.
चार पावलं पळव, सगळे हजर होतील.

मी नाही पळवली.
डोक्यावर झुंबरं घेतलेली पोरं, मागे धडधडता जनरेटर,
नोटा ओवाळणारे काके, कानाशी फुटणारी माळ,
या सगळ्यात हाकेला ओ न देण्याची
कुठे सोय होती हिला?
कागद सरकत राहिला. सहा ठोक्यांनी
पुन्हा एक गाळला.

तक्त्यात रकाना आहे: चुंबकामुळे झालेला बदल.
कापसाला रकाना नाही.
पेन्सिलीनं लिहिलं, खोडलं,
आता तिथला कागद पातळ झालाय.

गेंदालालनं अंगठ्यानं तिची पाठ दाबून पाहिली.
कातडी थरथरली, पण कालच्याइतकी नाही,
किंवा मला तसं वाटलं.
बावीसला छावणीत एक लग्न आहे,
शेवटचंच, असं तो दर वेळी म्हणतो.
दोर सोडता सोडता विचारलं त्यानं,
जरा अवघडून,
तो उरलेला कापूस मिळेल का?