अर्ध्या मीटरची तार

राइमो येतो शनिवारी, दुकान बंद करायच्या वेळी.
टोपीवरचा बर्फ दारातच झटकतो
आणि गेल्या शनिवारचा प्रश्न पुन्हा काउंटरवर ठेवतो:
एकच घेऊ, की वेगवेगळे?

एकच, म्हणजे इंटिग्रेटेड.
एका पेटीत सगळा संसार,
आवाज किती हे ठरवणारा आणि तो ओढणारा
एकाच ट्रान्सफॉर्मरच्या जिवावर.
वेगवेगळे, म्हणजे एका छपराखाली दोन चुली.
प्रीॲम्प नाजूक, शेजारची घरघर त्याला सोसत नाही;
पॉवर ॲम्प अठरा किलोंचा हमाल,
सांगाल तेवढं उचलतो, आत काय आहे विचारत नाही.
आणि वेगळे घेतलेस, तर मधली तार आलीच.
ती फुकट नाही, राइमो.

मी दोन्ही विकतो. एकतीस वर्षं विकतोय.
माझ्या घरी रेडिओ आहे.

त्याने मापं आणली होती,
कागद गिरणीच्या जुन्या पगारपत्रकामागे लिहून.
फळी: त्रेचाळीस सेंटिमीटर. मागे भिंत.
भिंतीपलीकडे तेल्लेर्वो.
"घोरतो म्हणून," तो म्हणाला, मी काही न विचारता.
"नोव्हेंबरपासून. भांडण नाही."
मी फळीचं माप पुन्हा वाचलं.

छत्तीस वर्षं तो तीन नंबरच्या मशीनशेजारी उभा होता.
वरचे सूर तिथेच राहिले त्याचे,
झांजेचं शेपूट, शब्दाअखेरचा स.
त्याला ठाऊक आहे, मलाही.
तरी आम्ही दशांश चिन्हामागची शून्यं मोजत बसतो,
दोन टकल्यांनी कंगव्याचे दात मोजावेत तशी.

शेवटी म्हटलं, सगळंच घेऊन जा, सोमवारी नको ते परत आण.
त्याने तीन खोके घसरगाडीवर बांधले
आणि तम्मेलाच्या चौकातून निघाला,
एक पाय लाकडी पट्टीवर, एक बर्फ मागे सारत.
दिवे लागले होते. तीन वाजले होते दुपारचे.

पुढचं त्यानेच सांगितलं, स्क्रू काढावेत तसं, एकेक करून.

रविवारी एकच रेकॉर्ड सात वेळा.
पियानो. चारदा एकावर, तीनदा दुसऱ्यावर.
वहीत दोन रकाने आखलेले,
दोन्ही कोरे.
मग भिंतीवर टकटक.
त्याने आवाज कमी केला.
पुन्हा टकटक, जरा रागाने.
मग ती स्वतःच दारात, सुयांवर अर्धा पायमोजा:
"कमी का केलास?
त्याची खुर्ची करकरत होती, मला ऐकायची होती."

कुठली खुर्ची?

ती बसली. सुई वर केली.
आत्ता.
थांब. आत्ता.
त्याला सुई दिसली. करकर नाही.
सुई पुन्हा रेकॉर्डच्या कडेला. डोळे मिटून ऐकायची सवय त्याची,
यावेळी उघडे ठेवले,
आणि ती जिथे जिथे सुई उचलायची तिथे तिथे
कुणीतरी, कुठल्यातरी शहरात, कधीतरी,
पियानोपुढे थोडं सरकून बसलं.

कुठल्या ॲम्पवर? मी विचारलं.
तो आठवू लागला. दुकानातल्या सगळ्या दिव्यांकडे पाहिलं त्याने.
"लक्ष नव्हतं," म्हणाला.

वेगवेगळे परत आले.
कारण, फळीवर आता लोकरीची टोपली बसते.
मी खोके उघडले, यादी लावली,
मधली तार नव्हती.
"घरी राहिली. आणून देतो."

"अजून घोरतोस?"
"हो. तिकडेच झोपते ती."
टोपी घातली, कानांवर नीट ओढली.
"रविवारी मात्र इकडे."

आज फेब्रुवारी संपला.
तार आणायची राहिलीय, दर शनिवारी म्हणतो.
मीही बिलात धरलेली नाही.