हात आडवा आला तेव्हा

काळ्या दगडात सावली कोरावी लागत नाही.
ती असतेच. टोचायचा असतो तो उजेड,
हिऱ्याच्या सुईनं, एकेक टिंब करत.
गुमरीत मी हेच करत म्हातारा झालो.
भूकंपातली माणसं कोरली
फाटक्या फोटोंवरून, ढिगाऱ्यात भिजलेल्या अल्बमांवरून;
एकाचा तर लष्करी कार्डावर
शिक्क्याखाली दबलेला नुसता गाल होता.
तेवढ्यावरही माणूस उभा राहिला.

फेब्रुवारीत शुशान आली,
बुटांवरचा बर्फ न झटकताच,
आणि मुलीचा फोन माझ्या पुढ्यात ठेवला.
नाझेली. वय एकोणीस.
'चार हजार फोटो आहेत,' म्हणाली,
'पण ती एकातही नाही.'

मी बघत गेलो.
वाढदिवस, बसथांबा, जर्दाळूच्या झाडाखाली,
शेवटी शेवटी इस्पितळाच्या उशीवरसुद्धा
तीच कातडी, साय धरायच्या आधीच्या दुधासारखी.
हनुवटी निमुळती. डोळे दुसऱ्याच कुणाचे तरी, मोठे.
नाक म्हणजे दोन ठिपके
आणि वर पुसट रेघ.
सावली कुठंच नव्हती.
हे कोरायचं तर अख्खा दगड टोचावा लागला असता:
पांढरा, सपाट, कुणाचाही.

'नाक बापाचं होतं तिचं,' शुशान म्हणाली.
'मधे उंचवटा. लहान होती तेव्हा
तिथं बोट फिरवलं की झोपायची.'
नाकापेक्षा मोती जड, असं म्हणतात.
या पोरीला नाकच जड झालं होतं.

धाकटी तामार दाराशी उभी, कोट अंगातच.
'खरे फोटो तिनंच पुसले,' म्हणाली.
'एक अख्खा रविवार बसून.
मी मदत केली.
तिला न विचारता तुम्ही ते नाक...'
आणि थांबली,
कारण विचारणार कुणाला.

शेगडीवर कॉफी उतू गेली. कुणी उठलं नाही.

मग एक व्हिडिओ लागला. नऊ सेकंदांचा.
नाझेली हसतेय, केस मागे सारतेय,
हात चेहऱ्यावरून आडवा जातो
आणि फिल्टरची पकड सुटते.
पापणी लवेल एवढाच वेळ.
बोटांच्या फटीतून उंचवटा,
गालावर मुरुमांचे खड्डे,
ओठावर तीळ, जो मी तोवर पाहिलाच नव्हता.
मग शेवाळ पाण्यावर परत जुळावं
तसं सगळं गुळगुळीत.

शुशानच्या तोंडून आवाज निघाला,
भाजल्यावर निघतो तसला.
'परत लावा.'
लावला. परत. परत.
बॅटरी चार टक्क्यांवर आली
तेव्हा कुठं मला ते नेमकं थांबवता आलं:
धूसर, अर्धवट, पाच बोटांमागे.

'हाच,' आई म्हणाली.
'हात काढून टाका तेवढा.'

तामार पहिल्यांदाच आत आली.
दगडावर तळवा ठेवला. गार होता, तरी ठेवला.
'हात राहू दे,' म्हणाली.
'लपवतेय का दाखवतेय,
ते तिचं तिला.'

बोटं कोरणं चेहऱ्याहून अवघड असतं.
नखांपाशी दोनदा सुई घसरली.
उंचवट्याच्या डाव्या अंगाला मी दगड टोचलाच नाही,
तिथला काळोख जसाच्या तसा सोडला.

जूनमध्ये तिच्या मैत्रिणी आल्या दफनभूमीत,
तिघी, कलिंगडाच्या फोडी घेऊन.
एकीनं फोन धरला.
पिवळी चौकट दगडावर चेहरा शोधत फिरली,
बोटांपाशी अडखळली,
सुटली,
आणि मागच्या पोपलरच्या पानांवर जाऊन बसली.
मुली हसल्या. एक रडली, मग तीही हसली.

मी तिथं दुसऱ्याच कामाला गेलो होतो.
शेजारच्या थडग्यावरचं
एक सोनेरी अक्षर निघालं होतं.