कापूस घरात होता तेव्हा

दिवाळी सरली की पुढच्या खोलीतून आधी बाज निघायची,
मग देव,
मग उकंडकाका, त्यांचा रेडिओ, चुन्याची डबी,
आणि खोलीत कापूस शिरायचा.

पहिल्या आठवड्यात गुडघ्याएवढा,
मग कमरेएवढा,
मग खिडकीच्या गजांतून रस्त्यावर डोकावणारा.
संक्रांतीला तो आढ्याला टेकलेला असे
आणि आम्ही सतरा माणसं उरलेल्या दोन खोल्यांत.
याचा पाय त्याच्या पोटावर,
एकाच्या झोपेत दुसऱ्याचा खोकला.
मोठी माय कंदील धरून डोकी मोजायची,
"सोळाच भरून रायले वं,"
आणि सतरावं कापसात सापडायचं,
पापण्यांना तूस, पाठभर खाज.
बहुतेकदा तो मीच असायचो.
(कापसात ऊब असते हे खरं,
पण खरं कारण शेषरावकाकांचं घोरणं.)

खारपाणपट्ट्यातलं आमचं गाव.
विहिरीचं पाणी डाळ शिजू द्यायचं नाही,
गोडं पाणी पूर्णेपलीकडून बंडीवर यायचं,
तांब्या मोजून भरायचा, पाहुण्याला मात्र काठोकाठ.
काळी जमीन उन्हाळ्यात एवढी भेगाळायची
की नथ्थूदादाची चप्पल एकदा आत गेली ती गेलीच.
मोठी माय म्हणे, उगवन पऱ्हाटीसंगं.

वेचणीचा पहिला दिवस सीतादहीचा, बायांचा.
मनकर्णाकाकू पहिल्या तासाशी सात खडे मांडायची,
हळदकुंकू लावायची,
पितळी वाटीतला दहीभात शिंपत
पऱ्हाटीतून पार धुऱ्यापर्यंत जायची.
बाप्यांनी तेव्हा बोलायचं नाही.
बैलसुद्धा लांब बांधलेले.
परत येताना ती मला बाभळीआड गाठायची,
वाटीत उरलेलं शेवटचं बोट माझ्या जिभेवर टेकवायची.
दह्यात कुंकू, मातीची कचकच.
"कोनाले सांगू नोको."
मी नाही सांगितलं.
सव्वीस वर्षं नाही सांगितलं.

फाल्गुनात बंडी भरायची.
आम्ही पोट्टे वर चढून कापूस तुडवायचो,
दर्यापूरच्या जिनाकडे जाताना वाटेतल्या काट्यांवर
आमचा थोडा थोडा कापूस लटकून राहायचा.
त्या रात्री खोली रिकामी.
हाक मारली की हाक परत यायची.
जागा इतकी झाली की कुणालाच झोप लागेना,
कुणीतरी अंधारात सरकत सरकत
पुन्हा येऊन खेटायचं.

आता पऱ्हाटीच्या जागी सोयाबीन आहे.
चार हिस्से, चार दारं, चार मीटर.
पुढच्या खोलीत फरशी, सोफा,
बंद कूलरच्या गवतात चिमणीचं घर.
फारसं कुणी भांडलं नाही. तलाठी आला, चहा झाला.

मनकर्णाकाकूच्या तेरवीला सगळे आलो.
पंगत उठायची होती, उष्टे हात तसेच वाळत होते,
मी सांगून टाकलं, त्या शेवटच्या बोटाचं.
गजू हसायलाच लागला. "अबे, तुले बी?"
मग प्रल्हाद. मग मागून वंदी.
मग पुण्याहून आलेला विश्वंभर,
ज्याला वऱ्हाडी आता आठवून बोलावी लागते.
बाभळीआड, वाटी, कोनाले सांगू नोको.
सहा जणं, सहा गुपितं, एकच बोट.
हसता हसता नथ्थूदादाचे डोळे भरले,
त्यानं ते भाजीतल्या मिरचीवर ढकललं.

नलू तेवढी गप्प होती.
काकूची सख्खी लेक.
आम्ही थांबलो.
तिनं पदर खोचला.
"मले नाही भेटलं कधी," म्हणाली,
"वाटी धुवाले माह्याजवळ येत जाय."
आणि आमची ताटं उचलायला लागली.