सहीची जागा

अकरा वर्षं या लॅबमध्ये मी परीक्षानळ्या धुतल्या.
सांगलीच्या मार्केट यार्डातली हळद नखांत अशी बसलेली
की बाया विचारायच्या, लग्न कुणाचं?

खाली सौद्यात रुमालाआड बोटं दाबून भाव फुटायचा,
वर आमच्या खोलीत कुरकुमिनचा टक्का.
टक्का मीच काढायचे.
सही खर्डेकर सरांची.

चाळिशीत एम.एस्सी.ला नाव घातलं.
पहिल्या दिवशी वर्गात शिरले,
तर पोरं मॅडम समजून उभी राहिली.
बसा म्हणाले, आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.
तिसऱ्या सेमिस्टरला एक विषय राहिला.
घरी अजून ठाऊक नाही.

आता रिपोर्टच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात छापलंय:
जयमाला हिंगमिरे, विश्लेषक.
पगार दीडपट. खुर्चीला चाकं.
नळ्या धुवायला नवी मुलगी आलीय,
तिला ब्रश कसा फिरवायचा ते दाखवताना
हात थांबत नाही माझा.

काल एक व्यापारी कागद उलटासुलटा करत म्हणाला,
'टक्का जरा वर घ्या की बाई.
सर घ्यायचे.'

सर काय काय घ्यायचे,
ते नळ्या धुणारीला माहीत असतं.

मी पेनाचं टोपण लावलं.