निळं पिंप

तिसऱ्या दिवशी आमचं जेवण
आमच्या पुढे निघून गेलं.

आदल्या रात्री रेझाँ म्हणाला होता,
त्या उताराला उजवीकडून घ्यायचं.
वेंडेलने डावीकडून घेतलं.
बावीस उन्हाळ्यांची मैत्री,
त्यातले निदान वीस याच वाक्यावर अडलेले.

कॅनू दगडाला अशी बिलगली
जशी ओली विजार मांडीला,
आणि निळं पिंप,
ज्यात बारा वेळांचं खाणं, चहा, साखर,
कोरीनने ओव्हनचं दार अर्धं उघडं ठेवून
वाळवलेले टोमॅटो,
दोरी सोडवून घेऊन,
घाई नसलेल्या पाहुण्यासारखं
वळणाआड गेलं.

पिंपाला कोण हाक मारतं?
कोरीनने मारली.
"ए!" एवढीच.

मग तिघं दोराला,
आणि छातीभर पाण्यात वेंडेल,
कुणी न सांगता.
संध्याकाळी मी फुटक्या बाजूला चिकटपट्टी लावली,
शाळेच्या बसची सीट शिवते तशी,
आतून एक, बाहेरून दोन.

उरलं काय,
तर शेंगदाण्याच्या लोण्याची अर्धी बरणी.
एक चमचा, चार तोंडं.
चमचा फिरत राहिला म्हणून भांडण वाढलं नाही;
टाळूला लोणी चिकटलं की
शिवी नीट उमटत नाही.
दहा वाजले तरी उजेड होता.
इतक्या उजेडात पाठ फिरवून झोपणं
फार दिसून येतं.

ही नदी नकाशावर वर चढते,
खरी मात्र उतरतच जाते.
एक नाव नकाशात आहे,
दुसरं काठच्या माणसांच्या तोंडी;
आम्हाला पहिलंच येतं, तेही चुकीच्या उच्चारात.

चौथा दिवस: धबधब्याला वळसा.
कॅनू डोक्यावर पालथी,
आत स्वतःचाच श्वास घुमतो,
बाहेर फक्त पुढच्याचे बूट.
काळ्या माश्या कानात, पापणीत, दातांवर.
वेंडेल दोन फेऱ्या जास्त चालला.
त्याचे दोन्ही हात अडकलेले,
आणि रेझाँ मागून त्याच्या मानेवरच्या माश्या
चापट्या मारून मारत होता.
जरा जोरातच मारत होता.

त्या रात्री गळाला एक पाईक,
काटे जास्त, मासा कमी.

पाचव्या दिवशी, दुपारी,
काठावरच्या स्प्रूसला टांगलेलं
निळं काहीतरी.
अस्वलाचा पंजा पोचणार नाही इतकं उंच,
आणि गाठ अशी, जी आमच्यात कुणालाच येत नाही.
सोडवायला पाव तास लागला.
आत टोमॅटो होते तसेच.
चहा अर्धा. साखर सगळी गायब.
साखरेच्या जागी
बर्चच्या सालीत गुंडाळलेले
धुरावलेले पाच मासे.
झाकणावर वेंडेलची टोपी, वाळलेली,
जी गेली हे त्याने आम्हाला सांगितलंच नव्हतं.

आम्ही उभ्याउभ्याच खाल्लं.
पाचवा मासा कुणाचा
यावर पुन्हा भांडलो, आता भरल्या पोटी.

सातव्या दिवशी रेल्वेच्या पुलाखाली
एक बाई मोटरबोटीत बसून जाळं सोडवत होती.
बर्निस हूकिमॉ, तिने नाव सांगितलं,
आमचं विचारलं नाही.
पिंपाकडे पाहून म्हणाली,
"साखर थोडी ओली झाली होती."
आभार कसे मानावेत ते सुचेना.
रेझाँ तिच्या गाठीबद्दल विचारायला लागला,
तोच तिने विचारलं,
"वरच्या उताराला कुठून आलात?"

आम्ही तिघांनी पाण्याकडे पाहिलं.

"डावीकडून," वेंडेल म्हणाला.

ती इतकी हसली
की जाळं हातातून सुटून धारेला लागलं,
आणि आम्ही चौघं
बुटांसकट
पाण्यात.